यादी संपली, की मध्येच तुटली?

इंग्लंडमध्ये २०२० साली २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळात कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या सरकारी आकड्यांतून गळाले. प्रयोगशाळांकडून आलेल्या याद्या पब्लिक हेल्थ इंग्लंड ही तेव्हाची संस्था एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलींत घेत होती. अशा फाइलीत ६५,५३६ ओळींपुढे जागाच नसते. रुग्णांना आपला निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लांबला. यादी अपुरी आहे, हे वेळीच ध्यानात आले नाही.

आपल्यापैकी जे सी भाषेत प्रोग्राम लिहितात, त्यांच्या कामातही हा धोका दबा धरून असतो. युनिक्सवर दुसरी कमांड चालवून तिचे आउटपुट वाचायला पीओपन वापरतात. मग एफगेट्स एकेक ओळ आणून देते आणि ओळी संपल्या की 'नल' देते. मेख इथेच आहे: वाचताना बिघाड झाला तरी ती नलच देते! वाण्याकडे धाडलेला मुलगा अर्धी पिशवी घेऊन परतला, तर सामान एवढेच होते की दुकान मध्येच बंद झाले, हे त्याला विचारावेच लागते.

तसे तीन प्रश्न प्रोग्रामनेही विचारावेत. पहिला, पीओपनने नल तर दिला नाही ना? मात्र तेथे यश मिळाले तरी त्याचा अर्थ एवढाच, की शेल सुरू झाले. कमांडचे नाव चुकलेले असू शकते. दुसरा, एफगेट्सकडून नल आल्यावर एफएरर काय सांगते? तिसरा, आणि हाच बहुधा राहून जातो: पीक्लोजने काय परत केले? कमांड नीट संपली की मध्येच मारली गेली, हे त्या उत्तरातून कळते. कमांड सापडलीच नसेल तर शेलचा निकाल १२७ असतो. शून्य म्हणजे सहसा यश. पण शून्य नसलेला प्रत्येक आकडा चूक नव्हे. ग्रेपला शोधलेला शब्द मिळाला नाही, तर ती १ देते. खरा बिघाड असेल तर त्याहून मोठा आकडा. तेव्हा त्या त्या कमांडचे मॅन्युअल पाहावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पीक्लोजचा निकाल हाती येईपर्यंत वाचलेल्या ओळी कच्च्या वहीतच ठेवाव्यात. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण हिशेबाच्या कामात ती उघडून पाहिलेलीच बरी.