गल्फला निघण्याआधी: सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

आखातातल्या सहा देशांत आज सुमारे ९० लाख भारतीय आहेत. रत्नागिरी, रायगडच्या खाडीकाठच्या गावांना तर हे सांगायलाच नको. तिथे आजोबा, वडील आणि मुलगा अशा तीन पिढ्या गल्फला गेलेली घरं सापडतात. तरीही नियमांची माहिती बहुतेकांना मिळते ती एजंटाच्या तोंडून. एजंट सगळंच खोटं सांगतो असं नाही. तो अर्धं सांगतो, आणि उरलेलं अर्धं तिकडे गेल्यावर कळतं.

गैरसमज १: दहावी नापास माणसाला परदेशात नोकरी करता येत नाही.

वस्तुस्थिती: करता येते. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर साधारणपणे ‘ईसीआर’ असा शेरा असतो. १९८३च्या कायद्यानुसार अशा व्यक्तीला १८ ठरावीक देशांत नोकरीला जायचं असेल, तर ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. सहाही आखाती देश या यादीत आहेत, शिवाय मलेशिया, थायलंड, जॉर्डन वगैरे. यादीबाहेरच्या देशात नोकरीसाठी, किंवा यादीतल्या देशात नुसतं फिरायला वा उमऱ्याला जायला ही मंजुरी लागत नाही.

गैरसमज २: “मंजुरीत वेळ कशाला घालवतोस? व्हिजिटवर जा, कंपनी तिकडे व्हिसा बदलून देईल.”

वस्तुस्थिती: संयुक्त अरब अमिरातीत नोकरी मिळाल्यावर व्हिजिट व्हिसा बदलून घेता येतो, एवढं खरं. पण तो बदलेपर्यंत व्हिजिटवर काम करणं बेकायदा आहे. पकडला गेला तर दंड कामगारालाही होतो. शिवाय मंजुरी टाळली की तिच्यासोबत येणारं संरक्षणही जातं. मंजुरीच्या वेळी कामाचा करार ‘ई-मायग्रेट’ या सरकारी पोर्टलवर नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा काढला जातो. दोन वर्षांसाठी २७५ रुपये हप्ता, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आल्यास १० लाखांचं संरक्षण.

गैरसमज ३: एजंटाला लाख-दीड लाख द्यावेच लागतात.

वस्तुस्थिती: नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये घेता येतात. १८ टक्के जीएसटी धरून ३५,४००. त्याची पावती देणं त्याला बंधनकारक आहे. एजंटाचा परवाना चालू आहे की रद्द झालाय, हे ई-मायग्रेटवर कुणालाही पाहता येतं. गावात फिरून पासपोर्ट गोळा करणाऱ्या ‘ओळखीच्या माणसा’कडे स्वतःचा परवाना नसेल, तर त्याला भरतीसाठी पैसे घेण्याचा अधिकारच नाही.

गैरसमज ४: दहावी पास झालो, आता धोका नाही.

वस्तुस्थिती: दहावीमुळे मंजुरीची अट सुटते, धोका नाही. उलट करार तपासून घेणारं कुणी उरत नाही. अशांनीही नोंदणी करावी, असा नियम केंद्राने २०१८च्या अखेरीस जाहीर केला होता, पण तो अमलात येण्याआधीच स्थगित झाला. नोंदणी स्वेच्छेने करता येते. आयटीआय झालेल्या फिटरने किंवा वेल्डरने ती जरूर करावी.

गैरसमज ५: हातात किती पडणार तेवढं बघायचं, करार काय वाचायचा!

वस्तुस्थिती: अमिरातीत नोकरी सुटताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त मूळ वेतनावर मोजतात. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला २१ दिवसांचं मूळ वेतन. दोघांना १,५०० दिरहमच मिळतात असं समजा. एकाच्या करारात सगळं मूळ वेतन आहे, तर दुसऱ्याच्या करारात ८०० मूळ आणि ७०० भत्ते. पाच वर्षांनी पहिला ५,२५० दिरहम घेऊन परततो, दुसरा २,८००. दोघांनी काम तेवढंच केलेलं असतं. पासपोर्टचंही तसंच. तो मालकाने ठेवून घ्यायचा असतो असं अनेकांना वाटतं, पण अमिराती आणि कतारमध्ये ते बेकायदा आहे. कतारने तर २०२०मध्ये नोकरी बदलण्यासाठी मालकाच्या ना-हरकत पत्राची अटही काढून टाकली.

गैरसमज ६: वीस-पंचवीस वर्षं राहिलं की तिकडचं नागरिकत्व मिळतं.

वस्तुस्थिती: जर्मनीसारख्या देशात ठरावीक वर्षांचं वास्तव्य, भाषा आणि स्वतःची कमाई या अटी पूर्ण केल्या की नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. परदेशी माणसाला आपल्या समाजात सामावून घ्यायचं, हे तिथलं जाहीर धोरण आहे. आखाती देशांचं धोरण तसं नाही. तिथलं वास्तव्य नोकरीला बांधलेलं, आणि नोकरी संपली की परतायचं. अमिरातीने २०२१मध्ये निवडक शास्त्रज्ञ, डॉक्टर, गुंतवणूकदारांना शिफारशीने नागरिकत्व द्यायची सोय केली. गवंडी किंवा ड्रायव्हर तिच्यात बसत नाही. म्हणून म्हातारपणाची तरतूद इथलीच धरून चालावं. मतदानाचा हक्कही इथलाच राहतो: फॉर्म ६-ए भरून गावच्या यादीत नाव ठेवता येतं, मात्र मत द्यायला स्वतः केंद्रावर यावं लागतं.

निघताना करार, व्हिसा, पासपोर्ट आणि एजंटाची पावती यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. पगार थकला किंवा माणसाचा संपर्क तुटला, तर घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करता येते. तेव्हा कंपनीचं नेमकं नाव, पासपोर्ट क्रमांक आणि करारातला पगार हाताशी असेल, तर वकिलातीला चौकशी कुठून सुरू करायची ते शोधत बसावं लागत नाही.