बिगसाठी एक फळी

लाकूड रेषांच्या दिशेनेच घासायचं. आडवं घासलं तर बारीक ओरखडे उठतात, आणि रंग दिल्यावर ते झाकले जाण्याऐवजी जास्तच उठून दिसतात. हे मला अमेरिकेत, इंडियानातल्या ब्लूमिंग्टनच्या थर्ड स्ट्रीटवर, आमच्या सोरोरिटीच्या, म्हणजे विद्यार्थिनींच्या संघटनेच्या घराच्या, तळघरात एक फळी वाया घालवल्यावर कळलं. एप्रिलची रात्र होती. दुसरी फळी मांडीवर घेऊन मी पुन्हा सुरुवात केली. आधी १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०चा. मग ओल्या फडक्याने भुसा पुसायचा. ओल लागली की लाकडाचं तूस पुन्हा उभं राहतं, म्हणून वाळल्यावर आणखी एकदा हलका हात फिरवायचा.

वल्ह्याच्या आकाराच्या या फळीला पॅडल म्हणतात. सोरोरिटीत नव्याने आलेल्या मुलीला घरातलीच एक मोठी बहीण मिळते, ती ‘बिग’. धाकटी ती ‘लिटल’. बिगची पदवी झाली की लिटलने स्वतःच्या हाताने रंगवलेलं पॅडल तिला द्यायचं, ही आमच्या घरातली रीत.

पॅडलचा पूर्वेतिहास चांगला नाही. मुलांच्या फ्रॅटर्निट्यांमध्ये अशाच फळ्यांनी नव्या पोरांना मारलं जायचं. छळाच्या घटना महाविद्यालयांनी जाहीर कराव्यात असा केंद्रीय कायदा व्हायला डिसेंबर २०२४ उजाडावा लागला. फळी घासताना हे माझ्या मनातून जात नव्हतं. म्हणून तिच्या कडा मला अगदी मऊ हव्या होत्या, लहान मुलाच्या हातात द्याव्यात अशा.

बिग कोण मिळणार हे कागदावर ठरतं. काही दिवस गाठीभेटी होतात, कॉफी होते. मग दोन्हीकडच्या मुली पसंतीचा क्रम लिहून देतात आणि दोघीतिघी बसून जोड्या लावतात. स्थळं जुळवल्यासारखंच ते. मी कोल्हापूरहून आलेली. माझ्या बिगचं नाव मी पहिलं लिहिलं ते एका साध्या कारणाने. तिने माझं नाव तीनदा विचारून घेतलं होतं आणि चौथ्यांदा ते नीट उच्चारलं होतं. तिनेही मला पहिलं लिहिलं होतं, हे पुढे दीड वर्षाने समजलं.

इंडियानातल्या बऱ्याच सोरोरिटी-घरांत ‘कोल्ड डॉर्म’ असतो. अभ्यासाच्या आणि कपड्यांच्या खोल्या वेगळ्या. झोपायला मात्र सगळ्यांना मिळून एकच मोठी अंधारी खोली, ओळीने दुमजली पलंग, आणि भर हिवाळ्यातही उघड्या खिडक्या. आत दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही. जानेवारीत बाहेर उणे दहा अंश असताना मी दोन स्वेटर आणि कानटोपी घालून, पाय पोटाशी घेऊन पडले होते. दात वाजलेले कोणाला ऐकू जाऊ नयेत म्हणून उशीचा कोपरा चावून धरला होता. मध्यरात्री कधीतरी पायाशी काहीतरी सरकलं. वायर खोचल्याचा आवाज आला आणि हळूहळू पावलांना ऊब यायला लागली. विजेचं ब्लँकेट. सकाळी पाहिलं तर माझी बिग वरच्या पलंगावर जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढून झोपली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्यासाठी नवीन घेऊन आलो, पण ती एक रात्र मी विसरलेले नाही.

बिगने काय काय करायचं याची यादी कुठे नसते. प्राध्यापकांच्या ‘ऑफिस अवर्स’ना मी दोनदा दारापर्यंत जाऊन परत फिरले होते. तिसऱ्यांदा ती बाहेरच्या बाकावर तासभर बसून राहिली, म्हणून मी आत गेले. परदेशी विद्यार्थ्यांना उत्पन्न नसलं तरी कर खात्याकडे ८८४३ नंबरचा फॉर्म पाठवावा लागतो. ती अमेरिकन, तिने तो जन्मात पाहिला नव्हता. तरी माझ्याबरोबर ओळ न् ओळ वाचत बसली.

आमच्या विद्यापीठात पहिली मुलगी शिकायला आली १८६७ मध्ये, सारा पार्क मॉरिसन. तिच्या पुढे कोणीच नव्हतं. अमुक दार कुठे, तमुक सर कसे, हे विचारायला एकही मोठी मुलगी नाही. तीनच वर्षांनी, जानेवारी १८७० मध्ये, इथून फार लांब नसलेल्या ग्रीनकॅसलमध्ये बेटी लॉक आणि तिच्या तीन मैत्रिणींनी कप्पा अल्फा थीटा ही मुलींची संघटना स्थापन केली, आणि त्याच वर्षी तिची दुसरी शाखा ब्लूमिंग्टनला निघाली. सोरोरिटी हा शब्दसुद्धा तेव्हा रुळलेला नव्हता. १८७४ मध्ये सिराक्यूजला सुरू झालेल्या गॅमा फाय बीटासाठी तो पुढे फ्रँक स्मॉली या लॅटिनच्या प्राध्यापकांनी सुचवला. लॅटिनमध्ये सोरोर म्हणजे बहीण. पार्ट्या आणि फोटो यांपलीकडे या घरांना काही अर्थ असेल, तर तो मला त्या मूठभर मुलींच्या गरजेत दिसतो.

फळीला पांढऱ्या प्रायमरचा हात झाला. वर गडद हिरव्या रंगाचे दोन पातळ हात. जाड एकच हात दिला तर कडेला ओघळ सुकतात. पुढच्या बाजूला लाकडी ग्रीक अक्षरं चिकटवून, वर जाड पुस्तकं ठेवून रात्रभर दाबून ठेवली. मागची बाजू लिटलची असते. तिथे मी सोनेरी पेंट पेनने देवनागरीत एकच शब्द लिहिला, ‘ताई’. ‘ई’ला छान गोलाई आली होती. मग ब्रशने वार्निश फिरवलं आणि सोनेरी शाई पसरून शब्दाचा डाग झाला. पेनच्या शाईवर थेट ब्रश चालवायचा नसतो. आधी अंगणात नेऊन लांबून स्प्रेचे हलके थर द्यावे लागतात. पहाटे तीन वाजता मी मागची बाजू पुन्हा घासायला बसले. दुसऱ्यांदा लिहिलेला ‘ताई’ थोडा थरथरता आला. तो मी तसाच ठेवला.

घराची बैठक सोमवारी असते. सत्रातल्या शेवटच्या बैठकीत शेवटच्या वर्षाच्या मुली आपलं ‘विल’ वाचतात, म्हणजे कोणती वस्तू कोणासाठी मागे ठेवणार ते सांगतात. मृत्युपत्र हा शब्द मला इथे नको वाटतो. ही हयातीतली वाटणी. कोणाला इस्त्रीचं टेबल मिळालं, कोणाला गाडी लावायची जागा. माझ्या बिगने मला कापडी अक्षरं शिवलेला एक विटका शर्ट दिला. कॉलरच्या आत मार्करने तीन नावं होती: तिच्या बिगच्या बिगपासून तिच्यापर्यंत. खाली जागा होती. ती काही बोलली नाही, नुसता मार्कर पुढे केला.

पदवीदान झालं, टोपीचे गोंडे उजवीकडून डावीकडे गेले. अकरा मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशींना डॉक्टरकीची पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई इंग्लंडहून समुद्र ओलांडून त्या समारंभाला आल्या होत्या. मला समुद्र ओलांडायचा नव्हता, फक्त थांबायचं होतं. माझी परीक्षा आठवडाभर आधीच संपली होती. तिच्या पदवीदानासाठी मी घरी जायचं तिकीट पुढे ढकललं होतं.

पॅडल ती निघायच्या आदल्या रात्री दिलं. तिने आधी अक्षरं पाहिली नाहीत, अंगठा कडेवरून फिरवला. सगळीकडून, सावकाश. मग उलटवून विचारलं, “हे काय लिहिलंयस?” मी वाचून दाखवलं. तिने तीनदा म्हणून पाहिलं. चौथ्यांदा बरोबर आलं.

सकाळी तिचे आईवडील गाडी घेऊन आले. फोनवर माझी आई म्हणाली होती, “अगं, तिला तशीच पाठवू नकोस. हातावर दही ठेव.” स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये बिनसाखरेचं ग्रीक योगर्ट होतं, त्यात साखर घातली. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर आमच्याकडे हे ठेवतात, एवढंच मी सांगितलं. तिने उजवा तळहात पुढे केला, दही खाल्लं आणि पॅडल स्वतःच्या सीटजवळ उभं करून ठेवलं. तिची आई गाडीच्या दारापाशी थांबून हे सगळं बघत होती. मग तिनेही हात पुढे केला, आणि मी वाटीतलं उरलेलं दही चमच्यात घेतलं.