गणेशखिंड : जावक क्रमांकावर चालणारा परिसर

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो मुख्य इमारतीचा मनोरा आणि त्यासमोरची हिरवळ. पाहुण्याला दाखवायला तेवढे पुरे. पण गणेशखिंडीतल्या या ४११ एकरांत रोज कामाला येणाऱ्या माणसाला विचारले, तर त्याच्या लेखी हा परिसर परिपत्रकावर चालतो. ‘सर्व विभागप्रमुख व शाखाप्रमुख यांना कळविण्यात येते की’ असे सुरू होणारे आणि ‘याची कृपया नोंद घ्यावी’ असे संपणारे ते पान. खाली ‘प्रत माहितीसाठी व आवश्यक त्या कार्यवाहीसाठी’ म्हणून पाच-सहा कार्यालयांची यादी. हल्ली ते आधी मोबाइलवर येते आणि फलकावर नंतर लागते. तरी जावक क्रमांक पडेपर्यंत त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही. ‘मामा, नंबर पडला का?’ हा या परिसरातला सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न असावा.

कुणी वर्षभराची परिपत्रके एकापुढे एक लावून वाचली, तर त्याला गणेशखिंडीचा चांगला परिचय होईल. इतिहास, भूगोल, मानापमान, सगळे त्यात येते.

नव्या वर्षातले पहिले मोठे परिपत्रक ३ जानेवारीचे, सावित्रीबाईंच्या जयंतीचे. विद्यापीठाला त्यांचे नाव २०१४ मध्ये मिळाले आणि त्यांचा पुतळा परिसरात २०२२ मध्ये उभा राहिला. कर्मचाऱ्यांनी वेळेवर उपस्थित राहावे, अशी सूचना असते. पुष्पहार, अभिवादन, चार शब्दांचे भाषण, की सगळे आपापल्या टेबलाकडे. या जागेचे आणि त्या नावाचे नाते मात्र त्या चार शब्दांत क्वचितच येते.

ते नाते १८९७ सालचे आहे. पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. सावित्रीबाईंचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ माळावर दवाखाना उघडला होता आणि सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तिथे पोचवत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या, त्यांनाही प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्याच शहरात प्लेगचा बंदोबस्त सरकारी पद्धतीने करायला रँड नावाचा अधिकारी नेमलेला होता. गोरे शिपाई घरात घुसत, देवघरापर्यंत जात, सामान रस्त्यावर काढत. लोक रोगापेक्षा या तपासणीला अधिक घाबरत होते. सावित्रीबाईंच्या मृत्यूनंतर सव्वातीन महिन्यांनी, २२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून रँड परतत होता. मेजवानी होती गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, म्हणजे आजच्या मुख्य इमारतीत. वाटेत गणेशखिंड रस्त्यावर चाफेकर बंधूंनी त्याला आणि लेफ्टनंट आयर्स्टला गोळ्या घातल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड ३ जुलैला मेला.

त्या मेजवानीलाही सरकारी अधिकाऱ्यांची हजेरी अपेक्षित होती. या वास्तूच्या इतिहासातला सर्वात गाजलेला ‘अधिकाऱ्यांसाठीचा कार्यक्रम’ तोच म्हणायचा. आणि जिथे रँड जेवला, त्या इमारतीला ज्या विद्यापीठाची पाटी आहे, त्याला प्लेगच्या रुग्णाला पाठीवर वाहून नेणाऱ्या बाईचे नाव आहे. नामांतराच्या वेळी पुण्यात पुष्कळ बोलले गेले, लिहिले गेले. यापेक्षा नेमके समर्थन मला तरी सुचत नाही.

इमारत मूळची मुंबईच्या गव्हर्नरचे पावसाळी निवासस्थान म्हणून बांधलेली. त्याआधी गव्हर्नरसाहेब पावसाळ्यात दापोडीच्या बंगल्यात राहत. सर बार्टल फ्रियर यांना तो अपुरा वाटला आणि १८६४ मध्ये गणेशखिंडीत काम सुरू झाले. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इथल्या कापसाला सोन्याचा भाव आलेला तो काळ, मुंबई सरकारच्या हाती पैसा खेळत होता. आराखडा जेम्स ट्रबशॉचा, शैली इटालियन वळणाची. पुढे कापसाचा बाजार कोसळला, खर्च मात्र वाढतच गेला आणि टीका लंडनच्या पार्लमेंटपर्यंत पोचली. इमारत पूर्ण झाली १८७१ मध्ये. अंदाजपत्रक, सुधारित अंदाजपत्रक आणि मग खुलासा, ही परंपरा या वास्तूत अशी पायाभरणीपासूनची आहे. गव्हर्नरच्या मेजवान्यांच्या जागी आता संत ज्ञानेश्वर सभागृह आहे. मार्च महिन्यात तिथे अधिसभेची अर्थसंकल्पी बैठक भरते. तिच्या आधीचे पंधरा दिवस वित्त विभागातले दिवे उशिरापर्यंत जळत असतात आणि त्या दिवसांत रजेचा अर्ज घेऊन साहेबांसमोर जाण्याची हिंमत कोणी करत नाही.

दुसरे महत्त्वाचे परिपत्रक १० फेब्रुवारीचे. १९४९ मध्ये या दिवशी विद्यापीठ स्थापन झाले, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. सुरुवातीला स्वतःची जागा नव्हती. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेच्या आवारातल्या निझाम गेस्ट हाउसमध्ये काही महिने कारभार चालला. मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी गणेशखिंडीची जागा मिळवून दिली आणि १ जून १९४९ पासून दप्तर इकडे आले. तेव्हा कार्यक्षेत्र बारा जिल्ह्यांचे होते. आता पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे उरले आहेत. जिल्हे कमी झाले तरी महाविद्यालये आणि उत्तरपत्रिका वाढतच राहिल्या, हे परीक्षा विभागातला कोणीही सांगेल. वर्धापनदिनी झेंडावंदन असते, जीवनसाधना गौरव पुरस्कार दिले जातात, आणि कर्मचाऱ्यांसाठी तो दिवस खुर्च्या मांडण्यापासून पाहुण्यांच्या गाड्यांची सोय लावण्यापर्यंत कामाचाच असतो.

पदवीप्रदान समारंभाच्या सूचनापत्रात काही वर्षांपूर्वी एक नवे कलम आले. साहेबी थाटाचा काळा झगा गेला आणि कुर्ता-पगडी आली. पण पगडी म्हटल्यावर पुण्यात पुढचा प्रश्न ठरलेला : कोणती? पुणेरी पगडी की फुले पगडी? २०१९ च्या समारंभात यावरून विद्यार्थ्यांनी निदर्शने केली. झगा घालवणे सोपे होते, डोक्यावर काय ठेवायचे हे ठरवणे अवघड गेले.

बाकी परिपत्रके दिनांची. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, २१ जूनला योग दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन, शिवाय पंधरवडे, सप्ताह आणि शपथा. हेतूंविषयी तक्रार नाही. पण प्रत्येक पत्राच्या शेवटी ‘छायाचित्रांसह अहवाल सादर करावा’ ही ओळ असते आणि कार्यक्रमापेक्षा ती ओळच महत्त्वाची ठरत चालली आहे. फलक धरून दोन रांगांत उभे राहायचे, फोटो काढायचा, संध्याकाळच्या आत मेल करायचा. वाचन प्रेरणा दिनी वाचायला मिळते ते बहुधा परिपत्रकच.

ज्या सूचनापत्राला अहवाल लागत नाही आणि तरी सगळे जमतात, ते सेवानिवृत्तीचे. दर महिन्याच्या अखेरच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या विभागात निरोप असतो. मे महिन्याच्या अखेरीस मात्र निरोपांची रांग लागते. याचे कारण महाराष्ट्रातल्या जुन्या शाळामास्तरांत आहे. मुलाला शाळेत घालायला आणले, बापाला जन्मतारीख सांगता आली नाही, की मास्तर दाखल्यावर १ जून लिहून मोकळे होत. नियमाप्रमाणे एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे ही तारीख साऱ्या सरकारी-निमसरकारी महाराष्ट्राची निरोपाची तारीख होऊन बसली आहे. कारकुनापासून कक्ष अधिकाऱ्यापर्यंत वय ५८, शिपाईमामांना आणि प्राध्यापकांना ६०.

पण निरोपाआधी ना-देय प्रमाणपत्र मिळवावे लागते. आपल्याकडे कोणाचे काही येणे नाही, अशी सही प्रत्येक ठिकाणाहून आणायची. जयकर ग्रंथालयातून पुस्तकांची, भांडार विभागातून सामानाची, वित्त विभागातून अग्रिमाची, क्वार्टर असेल तर स्थावर विभागातून चावीची. तीस-पस्तीस वर्षे एकाच इमारतीत, एकाच खिडकीशी बसलेला माणूस त्या आठवड्यात हातात एक कागद घेऊन सारा परिसर पायी फिरतो. एका ठिकाणी साहेब बैठकीला गेलेले असतात म्हणून वडाखालच्या पारावर थांबतो, दुसऱ्या ठिकाणी जुना सहकारी चहा मागवतो. अनिकेत कँटीनपर्यंत जाऊन यायला होते. कित्येकांना कळते की आपण काही विभाग नोकरीभर नुसते पत्त्यात लिहीत आलो, पाहिले आज. मग शेवटच्या दिवशी शाल, श्रीफळ, गुच्छ. बोलायला उठलेला प्रत्येक जण ‘मी फक्त दोनच शब्द बोलणार’ म्हणून दहा मिनिटे बोलतो. उत्सवमूर्तींच्या घरची मंडळी पहिल्या रांगेत अवघडून बसलेली असतात, कारण त्यातली काही या कार्यालयात पहिल्यांदाच आलेली असतात. दुसऱ्या दिवशी त्या टेबलाच्या फायली शेजारच्या टेबलावर जातात.

त्या तिथेच राहतात, ही खरी अडचण आहे. राज्यातल्या विद्यापीठांत निवृत्तीचे पत्र नियमाने निघते, भरतीची जाहिरात वर्षानुवर्षे निघत नाही. कंत्राटी माणसे येतात-जातात, आणि टिपणी कशी लिहायची, जुनी नस्ती कुठे शोधायची हे जाणणारे कमी होत जातात. २०२३ च्या फेब्रुवारीत आश्वासित प्रगती योजना आणि सातव्या वेतन आयोगाची थकबाकी अशा मागण्यांसाठी राज्यभरातल्या विद्यापीठांच्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला आणि मग संप केला. परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. विद्यापीठ कोण चालवते, याचे उत्तर त्या महिन्यात मिळाले होते. ते फार काळ लक्षात ठेवले गेले असे वाटत नाही.

शहर या परिसराला चारही बाजूंनी भिडले आहे. विद्यापीठ चौकातला जुना उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला गेला, त्यानंतर काही वर्षे दुमजली पूल आणि मेट्रोच्या कामाने कर्मचाऱ्यांच्या येण्याजाण्याचे गणित बिघडले होते. आत मात्र झाडी आहे, म्हणून पहाटे फिरायला येणारे पुणेकर आहेत. २०२१ मध्ये या फिरण्याला मासिक शुल्क लावण्याची टूम निघाली तेव्हा नागरिकांनी जो गदारोळ केला, तो शिक्षणशुल्काच्या वाढीवरही सहसा होत नाही. रात्री वेगळेच पाहुणे येतात. परिसरातल्या चंदनाच्या झाडांची चोरी ही पुण्याच्या वर्तमानपत्रांतली अधूनमधून येणारी बातमी. सकाळी सुरक्षारक्षकाला बुंधा तेवढा दिसतो, आणि त्याचाही अहवाल सादर करावा लागतो.

बाहेरच्या माणसाने इथे यायचे तर २८ फेब्रुवारी हा दिवस उत्तम. राष्ट्रीय विज्ञान दिनी याच परिसरातली आयुका लोकांसाठी दारे उघडते. जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली ही खगोलशास्त्राची संस्था, इमारत चार्ल्स कोरिया यांची. मधल्या कुंडात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. मोठमोठे शास्त्रज्ञ त्या दिवशी शाळकरी पोरांच्या प्रश्नांना उभ्याने उत्तरे देतात. शेजारीच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. नारायणगावाजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना घेऊन उभी असलेली महाकाय दुर्बीण तेच चालवते, आणि तिथेही विज्ञान दिनानिमित्त प्रदर्शन भरते. वर्षभरातल्या सगळ्या दिनांत खऱ्या उत्साहाने साजरा होणारा हा एक. त्याला कोणाची सक्तीची हजेरी लागत नाही, गर्दी आवरायलाच माणसे लागतात.

तेव्हा पोरांना घेऊन जरूर या. शक्यतो पीएमपीच्या बसने या, आत गाड्या लावायला जागा पुरत नाही. मुख्य इमारतीपर्यंत चालत जा आणि रँडची गाडी कुठून निघाली असेल ते मुलांना सांगा. आणि डबे-बाटल्यांचा कचरा आपल्यासोबत परत न्या, कारण दुसऱ्या दिवशी तो उचलायला इथे माणसे कमी आहेत.