"मी तर साधंच जेवतो!"



"मी तर साधंच जेवतो" असं मी डॉक्टरांना छातीठोकपणे सांगितलं, आणि त्यांनी रिपोर्ट पुढे सरकवला. ए-वन-सी 5.9. म्हणजे 5.7 ते 6.4 मधला, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचा. वजन 64 किलो, पोट थोडंसं सुटलेलं, पण ऑफिसात मला सगळे बारीकच म्हणतात. बाबांना इन्शुलिन सुरू झालं तेव्हा ते 52 वर्षांचे होते. मी 48.

आपण दिसतो बारीक, पण त्यावर जाऊ नये, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी कधीच दाखवून दिलंय. 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2!

असो. तर तीन आठवडे जे तोंडात जाईल ते वहीत लिहायचं ठरवलं. "आता मोजून-मापून जेवणार का?" म्हणून बायको हसली. पहिले दोन दिवस मीही हसलो.

जेवण खरंच साधं निघालं. घोळ होता तो जेवणाच्या आजूबाजूला. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर : झाली 32 ग्रॅम. मीटिंगमधला अर्धा बेगल. रात्री अकराला डब्यातून उभ्या उभ्या मारलेले चिवड्याचे बकाणे. हे मी आयुष्यात कधी 'खाणं' म्हणून धरलंच नव्हतं. तेलाचा हिशेब बायकोने काढला. गॅलनचा कॅन दोघांत दीड महिन्यात संपतो, म्हणजे माणशी रोज जवळजवळ तीन टेबलस्पून, आणि एका टेबलस्पूनला 120 कॅलरी. प्रथिनं किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे मला रोज 53 ग्रॅम हवीत. पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम पाच-सहा मिळतात!

पण खरं शिकवलं ते कोऱ्या पानांनी. चार पानं कोरी होती, चारही शनिवार-रविवारची, पॉटलकची. वेळ नव्हता असं नाही, लिहायची लाज वाटली. बाबांना आई विचारायची तेव्हा ते म्हणायचे, "काही नाही खाल्लं." आणि खिशात पेढ्याचा कागद सापडायचा. केवढी भांडणं व्हायची त्यावरून! आता वाटतं, ते खोटं बोलत नसावेत. माझ्या चिवड्यासारखं त्यांनीही ते धरलंच नसेल.

आता चहात अर्धा चमचा साखर, वरण घट्ट, भाताची एकच मूद, सोबत मटकीची उसळ, आणि रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास चालणं. चिवडा बंद नाही, पण वाटीत घेऊन, खाली बसून आणि वहीत लिहून. तीन महिन्यांनी रिपोर्ट आला : 5.7. उंबरठा अजून ओलांडून बाहेर आलेलो नाही, त्यामुळे वही चालूच आहे.

एक आठवडा लिहून पाहा. आणि शनिवारचं पान तेवढं कोरं सोडू नका.