हिरवळीची कापणी

गोल्फच्या मैदानांत खळग्याभोंवतालच्या मऊ हिरवळीला ‘ग्रीन’ म्हणतात. तेथील गवत जेमतेम ३ मिलिमीटर, म्हणजे इंचाच्या अष्टमांशाइतकें उंच ठेवलेलें असतें. चेंडू झरझर जावा म्हणून खेळाडूंना तें याहूनही बारीक हवें असतें, आणि येथेंच माळ्याची पंचाईत होते.

कारण पान हें गवताचें स्वयंपाकघर होय. पान जितकें आंखूड तितकें अन्न कमी, आणि मुळेंही तितकींच उथळ. थंड प्रदेशांतील बेंट गवताचीं मुळें उन्हाळ्यांत आधींच आंखडतात. त्यांत कापणी खोल गेली कीं हिरवळ करपलीच. अशा दिवसांत जाणता माळी यंत्राचें पातें अर्ध्या मिलिमीटरनें वर घेतो. एखादे दिवशीं कापणी टाळून नुसता हलका रूळ फिरवितो; चेंडूचा वेग टिकतो नि पानही वांचतें.

१८३० सालीं एडविन बडिंग या इंग्रज कारागिरानें कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून गवत कापण्याचें यंत्र रचिलें. फिरत्या पात्यांचीं तशींच यंत्रें ग्रीनवर आजही चालतात. मात्र धार हवी! बोथट पातें कापीत नाहीं, फाडतें. पानांचीं टोकें पांढुरकीं पडतात व रोगाला वाट मिळते. कापणीची दिशाही पालटावी लागते, नाहींतर गवत एकाच अंगास कलतें.

उष्ण देशांतील ग्रीनवर बहुधा हरळीच्याच कुळांतील गवत असतें. गणपतीच्या दूर्वा त्या याच. ऊन तिला मानवतें, सावली सोसत नाहीं. म्हणून तिच्यासाठीं पातें वर घ्यावयाचें तें पावसाळ्यांत, आभाळ दिवसचे दिवस झांकोळलेलें असतां.