बंद पडलेले इंजिन आणि ‘सेल्फ’चा मोह

वापरलेल्या मोटारींच्या बाजारात ताकदवान इंजिनाची गाडी मूळ किमतीच्या काही अंशात मिळते, हे तिचे मोठे आकर्षण असते. मात्र गाडीची किंमत उतरली तरी तिच्या सुट्या भागांची आणि दुरुस्तीची किंमत त्या प्रमाणात उतरत नाही. अशी गाडी द्रुतगती मार्गावर धावता धावता एकाएकी बंद पडली, की मालकाचा हात आपसूक चावीकडे जातो आणि तो पुन्हा पुन्हा ‘सेल्फ’ मारू लागतो. काही हजारांत आटोपणारे काम लाखाच्या घरात जाते, ते अनेकदा याच क्षणी.

हे का घडते, ते एका परिचित गाडीवरून समजून घेता येईल. स्कोडाने २००१ मध्ये ऑक्टाव्हिया भारतीय बाजारात आणली. औरंगाबादजवळच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शेंद्रा येथील कारखान्यात तिची जुळणी होत असे. पुढे २००४ च्या सुमारास तिची ‘आरएस’ ही वेगवान आवृत्ती आली. १.८ लिटर क्षमतेचे, टर्बोचार्जर जोडलेले आणि १५० अश्वशक्तीचे तिचे पेट्रोल इंजिन त्या काळात वेगाच्या शौकिनांना भुरळ घालणारे ठरले. याच घराण्यातील इंजिने फोक्सवॅगन आणि ऑडीच्या गाड्यांतही होती. आज या गाड्यांचे वय वीस वर्षांच्या आसपास असून त्या तिसऱ्या-चौथ्या मालकाच्या हाती फिरत आहेत.

एका पट्ट्यावर सारी भिस्त

या इंजिनात चार सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला पाच, म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह आहेत. तीन व्हॉल्व्ह हवा-पेट्रोलाचे मिश्रण आत घेतात, तर दोन जळालेला वायू बाहेर सोडतात. खाली क्रँकशाफ्ट आणि वर कॅमशाफ्ट यांचा ताळमेळ दातेरी रबरी पट्टा, म्हणजे टायमिंग बेल्ट, राखतो. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्हने बाजूला झालेले असावे, एवढीच या व्यवस्थेची अट. या प्रकारच्या इंजिनात दोघांनाही एकाच जागेत, पण वेगवेगळ्या क्षणी यावे लागते. पट्टा तुटला किंवा त्याचे काही दाते झिजून तो घसरला, तर उघडा राहिलेला व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनच्या तडाख्यात सापडतो आणि वाकतो. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० वेळा फिरत असते. त्यामुळे पट्टा तुटल्यावर बहुतेक नुकसान डोळ्याचे पाते लवण्याआधीच होऊन जाते. पट्टा केवळ दोन-चार दाते सरकला असेल, तर मात्र व्हॉल्व्ह वाचलेले असू शकतात. अशा वेळी मारलेला प्रत्येक ‘सेल्फ’ ती शक्यता कमी करतो.

आधी आठवावे, मग हात लावावा

निदानाची सुरुवात पान्याने नव्हे, तर स्मरणाने होते. दिव्याचे बटण बंद करावे तसे इंजिन निमूटपणे थांबले असेल, तर संशय विजेवर किंवा सेन्सरवर जातो. पट्टा तुटतानाही कित्येकदा मोठा आवाज होत नाही, हेही ध्यानात ठेवावे. आचके देत, दम कमी होत गाडी थांबली असेल, तर इंधनाचा पुरवठा तपासावा लागतो. थांबण्यापूर्वी खालून ठोक्यांचा आवाज येत असेल आणि तेलाचा लाल दिवा लागला असेल, तर बेअरिंग गेल्याची भीती असते. तापमानाचा काटा चढला असेल, तर पाण्याचा पंप किंवा हेड गॅसकेट संशयाच्या फेऱ्यात येतात. पाण्यातून गाडी नेल्यावर ती बंद पडली असेल, तर कारण बहुधा तेच पाणी असते.

यानंतर चावी न फिरवता तीन गोष्टी पाहता येतात. दांडीवर तेलाची पातळी आणि रंग पाहावा. इंजिन थंड झाल्यावर पाण्याची टाकी तपासावी. टायमिंग बेल्टवरचे वरचे झाकण काढून पट्टा जागेवर आहे का, त्याचे दाते शाबूत आहेत का, हे पाहावे. या इंजिनात ते झाकण काढणे काही मिनिटांचे काम आहे. पट्टा शंकास्पद वाटला, तर गाडी ओढून गॅरेजमध्ये न्यावी. धक्का मारून सुरू करण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये.

गॅरेजमध्ये सर्व स्पार्क प्लग काढून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून आणि क्रँकशाफ्टच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने फिरवले जाते. दोन पूर्ण फेरे अडथळ्याविना झाले, तर इंजिन जाम झालेले नाही. मध्येच टणक अडथळा लागला, तर तिथेच थांबायचे असते. जोर लावणारा मेकॅनिक वाचलेला भागही तोडतो.

पावसाळ्यातील धोका

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि असंख्य मोटारी पाण्याखाली गेल्या. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवल्यास पिस्टनचा दांडा वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेल्या गाडीला कधीही ‘सेल्फ’ मारू नये. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढावे लागते. याला विम्याचीही बाजू आहे. पाण्यात गाडी पुन्हा सुरू करण्याच्या प्रयत्नात झालेली हानी हे ‘परिणामी नुकसान’ मानून विमा कंपन्या सहसा दावा नाकारतात. इंजिनासाठीचे जादा संरक्षण घेतले असेल, तरी त्याच्या अटी आधी वाचून ठेवलेल्या बऱ्या.

स्वस्त चाचण्या आधी

पट्टा, तेल आणि पाणी ठीक असेल, तर मगच ‘सेल्फ’ मारावा आणि कान द्यावा. निरोगी इंजिन फिरताना एका लयीत अडखळते; ती प्रत्येक सिलिंडरमधील दाबाची खूण होय. इंजिन नेहमीपेक्षा हलके आणि सलग फिरले, तर दाब तयार होत नाही असे समजावे आणि तत्काळ थांबावे. लय नेहमीची असेल, तर पाळी फ्यूज, रिले आणि पेट्रोल पंपाची. चावी फिरवताच मागच्या आसनाखालून पंपाची क्षणभर गुणगुण ऐकू यायला हवी. ‘सेल्फ’ फिरत असताना टॅकोमीटरचा काटा जराही हलत नसेल, तर क्रँकशाफ्टचा सेन्सर तपासावा. हा सेन्सर तापल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर पुन्हा चालू लागतो; त्यामुळे तो अनेकांना चकवतो. इग्निशन कॉइल हीदेखील या इंजिनांची जुनी दुखरी जागा. एक कॉइल गेली तर गाडी बहुधा थांबत नाही, जोरजोराने थरथरते.

संगणकीय स्कॅनरने मिळणारा दोष-संकेत उपयुक्त असतो, पण तो साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. सेन्सरचा संकेत मिळाला म्हणून सेन्सर बदलला आणि दोष तुटक्या वायरीत निघाला, असे प्रकार होतात. म्हणून भाग बदलण्यापूर्वी वायर आणि जोडणी मीटर लावून तपासावी.

हाताने फिरवताना इंजिन मोकळे असूनही दाबाविषयी शंका उरली, तर प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजतात. सर्व आकडे एकमेकांच्या जवळ असणे महत्त्वाचे. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा तीन बारहून अधिक कमी असेल, तर ते गंभीर मानावे. त्या सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घेतात. वाढला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा गॅसकेटचा. पुढे सिलिंडरमध्ये बाहेरून हवा सोडून ती कुठून निसटते, हे ऐकतात. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या मार्गातून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, तेलाच्या झाकणातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर हेड गॅसकेट. एवढे कळल्यावरच इंजिन खोलण्याचा निर्णय घ्यावा.

दुरुस्ती म्हणजे कारण शोधणे

व्हॉल्व्ह वाकले असतील तर हेड उतरवावे लागते. वाकलेले व्हॉल्व्ह बदलणे, त्यांचे गाइड तपासणे, हेडची पातळी मोजणे, नवे गॅसकेट आणि हेडचे नवे बोल्ट बसवणे ही कामे ओघाने येतात. ठरावीक अंशांत आवळल्यावर हे बोल्ट ताणले जातात, म्हणून ते पुन्हा वापरत नाहीत. पैसे वाचवण्यासाठी जुनेच बोल्ट लावल्यास काही महिन्यांत गॅसकेट गळू शकते.

मात्र पट्टा तुटला का, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. ऑक्टाव्हियाच्या या इंजिनात पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. पंपाचे बेअरिंग जाम झाले, टेन्शनर कमजोर झाला किंवा गळणारे तेल पट्ट्यावर पडले, तर नवा पट्टाही तसाच तुटेल. म्हणूनच पट्टा, टेन्शनर, रोलर आणि पाण्याचा पंप एकदमच बदलण्याची पद्धत आहे.

ठोक्यांचा आवाज आलेल्या इंजिनाचे तेल काढून फिल्टर कापून पाहतात. त्यात तांबूस चमक दिसली, तर बेअरिंगचा धातू सुटला आहे असे समजते. तेलाचे चेंबर उतरवल्यावर तेल ओढणारी जाळी काळ्या चिकट गाळाने भरलेली आढळली, तर केवळ बेअरिंग बदलून भागणार नाही. टर्बोच्या उष्णतेने हलक्या प्रतीचे किंवा मुदत उलटलेले तेल करपते आणि हा गाळ तयार होतो. तो तेलवाहिन्यांतून पूर्णपणे न काढता जोडलेले इंजिन पुन्हा त्याच वाटेने जाते.

अशी गाडी घेणाऱ्याने चकचकीत रंगापेक्षा कागद पाहावेत. पट्टा कधी, किती किलोमीटरला बदलला आणि कोणते तेल घातले, याची पावती नसेल तर पट्टा बदललेलाच नाही असे धरून चालावे. गाडी कमी धावली, हे उत्तर पुरेसे नाही. रबर किलोमीटरबरोबरच वर्षांनीही म्हातारे होते. इंजिनाची ताकद वाढवण्यासाठी संगणकात फेरफार केला आहे का, हेही स्पष्ट विचारावे. पट्ट्याचा आणि पंपाचा खर्च गाडीच्या किमतीतच धरून सौदा करावा, आणि गाडी हाती येताच पहिले काम तेच करून घ्यावे.