बांधकाम क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्ता कौशल्ये : क्यूब रजिस्टरपासून आरंभ

प्रस्तावना

अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२५ हे वर्ष कृत्रिम बुद्धिमत्तेचे वर्ष म्हणून घोषित केले. त्यानंतर महाविद्यालयांत या विषयावरील कार्यशाळा व प्रमाणपत्र अभ्यासक्रम यांची संख्या वाढली. बांधकाम क्षेत्रही त्यास अपवाद नाही. मात्र या अभ्यासक्रमांचा भर बहुतांशी संगणक प्रणाली हाताळण्यावर असतो. वस्तुतः बांधकाम क्षेत्रात कृत्रिम बुद्धिमत्तेचे कौशल्य रुजवायचे असेल, तर त्याचा आरंभ बांधकामस्थळावरील नोंदींपासून व्हावयास हवा. हा विचार काँक्रीटच्या गुणवत्तेच्या उदाहरणाद्वारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कौशल्य म्हणजे नेमके काय?

कृत्रिम बुद्धिमत्तेची जी शाखा बांधकामात प्रामुख्याने उपयोगी पडते, ती म्हणजे यंत्र-अध्ययन. ज्यांची उत्तरे आधीच ज्ञात आहेत अशी अनेक उदाहरणे संगणकास पुरवली जातात. त्यांतील परस्परसंबंध शोधून संगणक एक प्रतिमान तयार करतो व नव्या उदाहरणाचे उत्तर अनुमानाने सांगतो. ही कल्पना स्थापत्य अभियंत्यास सर्वस्वी नवी नाही. डफ अब्राम्स यांनी १९१८ मध्ये अनेक चाचण्यांच्या आधारे पाणी-सिमेंट गुणोत्तर व काँक्रीटची ताकद यांचा संबंध मांडला, तोही निरीक्षणांतून नियम शोधण्याचाच प्रकार होता. आपल्याकडील आयएस ४५६ : २००० या मानकातील काँक्रीटच्या वैशिष्ट्यपूर्ण ताकदीची व्याख्याच संभाव्यतेवर उभी आहे. चाचण्यांचे ५ टक्क्यांहून अधिक निकाल ज्या मूल्याच्या खाली जाणे अपेक्षित नाही, ते मूल्य म्हणजे वैशिष्ट्यपूर्ण ताकद. म्हणजेच अनिश्चिततेचा हिशेब मांडणे हे या व्यवसायाचे जुनेच काम आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचे शिक्षण याच पायावर उभारता येते.

काँक्रीटचे उदाहरण

बांधकामावर ओतलेल्या काँक्रीटच्या नमुन्यातून १५० मिलिमीटर बाजूचे क्यूब भरतात व २८ दिवसांनी दाबयंत्राखाली त्यांची ताकद तपासतात. तथापि कामाची गती २८ दिवस थांबत नाही. साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटमध्ये व १५ अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात, ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी काढण्यास मानक मुभा देते. त्यामुळे क्यूबचा अंतिम निकाल हाती येईपर्यंत वरचा स्लॅब बहुधा पडलेला असतो. अशा वेळी निकालाचे विश्वासार्ह पूर्वानुमान मिळाले, तर त्याचा संबंध थेट स्लॅबखाली वावरणाऱ्या माणसांच्या जिवाशी पोहोचतो.

तैवानमधील संशोधक आय-चेंग ये यांनी १९९८ मध्ये कृत्रिम मज्जातंतू-जालाच्या साहाय्याने काँक्रीटच्या ताकदीचे पूर्वानुमान करणारा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी संकलित केलेला १,०३० नोंदींचा संच आज जगभर अध्यापनासाठी वापरला जातो. त्यात सिमेंट, झोतभट्टीची मळी, राख, पाणी, सुपरप्लॅस्टिसायझर, खडी, वाळू व काँक्रीटचे वय असे आठ रकाने आहेत. नवव्या रकान्यात ताकद नोंदवलेली आहे. विद्यार्थी हा संच वापरून अल्पावधीत प्रतिमान तयार करू शकतो. परंतु खरे शिक्षण त्यापुढे सुरू होते.

या आठ रकान्यांत काय नाही, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारावयास हवा. क्युअरिंग किती दिवस केले, ओतण्याच्या दिवशी तापमान किती होते, सिमेंटचे पोते किती जुने होते, यांचा तेथे उल्लेख नाही. आपल्या मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी किमान ७ दिवस व कोरड्या-उष्ण हवेत किमान १० दिवस क्युअरिंग आवश्यक असते. विदर्भातील मे महिन्यात दोन दिवस पाणी न मिळालेला स्लॅब आणि नियमित पाणी मिळालेला स्लॅब या प्रतिमानाच्या लेखी एकसारखेच ठरतील. तसेच महाराष्ट्रात दख्खनच्या काळ्या पाषाणाची खडी व क्रश सँड सर्रास वापरली जाते. अन्यत्रच्या साहित्यावर शिकलेले प्रतिमान येथे जसेच्या तसे लागू पडेल, असे मानणे धोक्याचे आहे. जे रकान्यात नाही ते प्रतिमानासाठी अस्तित्वातच नसते, हे उमगणे हेच या क्षेत्रातील पहिले कौशल्य होय.

नोंदींचा प्रामाणिकपणा

यावर उपाय म्हणजे स्थानिक नोंदींचा संच उभारणे. त्यासाठी कच्ची सामग्री प्रत्येक मोठ्या बांधकामावर उपलब्ध असते. आयएस ४५६ नुसार ५ घनमीटरपर्यंतच्या काँक्रीटसाठी एक, ६ ते १५ घनमीटरसाठी दोन व १६ ते ३० घनमीटरसाठी तीन नमुने घ्यावे लागतात आणि प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब तपासावे लागतात. वर्षभरात एका मध्यम आकाराच्या इमारतीचे क्यूब रजिस्टर बरेच जाड होते.

येथेच मूळ अडचण उभी राहते. क्यूब ‘पास’ दाखवणे ही काही ठिकाणी कागदोपत्री औपचारिकता बनते. निकाल आधी ठरवून आकडे मागाहून भरले जात असतील, तर अशा रजिस्टरवर शिकलेले प्रतिमान काँक्रीटचे वर्तन न शिकता आकडे भरणाऱ्याच्या सवयी शिकेल. त्याने अपयश कधी पाहिलेलेच नसल्याने अपयश ओळखण्याची क्षमता त्याच्यात येणार नाही. संगणकाने दिलेला निष्कर्ष मात्र अधिकृत वाटेल आणि खोट्या नोंदीला शास्त्राची प्रतिष्ठा मिळेल. पूर्वी चुकीच्या रजिस्टरचा परिणाम एका इमारतीपुरता राहत असे. त्यावर आधारलेले प्रतिमान तीच चूक अनेक इमारतींपर्यंत नेऊ शकते.

आकड्यांविषयी साक्षेपी शंका घेणे हे त्यामुळे दुसरे कौशल्य ठरते. एकाच नमुन्याच्या तीन क्यूबमध्ये थोडा फरक असणे स्वाभाविक असते. सरासरीपासून अधिक-उणे १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मानकास मान्य आहे. महिनोन्महिने तिन्ही आकडे जवळजवळ सारखेच येत असतील, तर तेथे गुणवत्तेचे कौतुक करण्यापूर्वी चौकशी करणे योग्य. ही चौकशी साध्या संख्याशास्त्राने करता येते.

प्रतिमांवरून तडे ओळखणे

दुसरे उपयोजन जुन्या इमारतींच्या संदर्भात महत्त्वाचे आहे. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. छायाचित्रांवरून तडे ओळखणाऱ्या प्रणाली या कामी साहाय्यक ठरू शकतात. अमेरिकेतील यूटा स्टेट विद्यापीठाच्या ‘एसडीनेट २०१८’ या संचात पूल, भिंती व फरसबंदी यांच्या ५६,००० हून अधिक प्रतिमा आहेत.

अशा प्रणालींच्या अचूकतेचा आकडा वाचतानाही विवेक लागतो. समजा, १०० प्रतिमांपैकी १५ मध्येच तडे आहेत. प्रत्येक प्रतिमेस ‘तडा नाही’ असे उत्तर देणारी प्रणाली ८५ टक्के अचूक ठरेल, परंतु ती एकही तडा शोधणार नाही. शिवाय तडा दिसणे आणि तो घातक असणे या भिन्न गोष्टी आहेत. सर्वसाधारण घटकांत ०.३ मिलिमीटर रुंदीपर्यंतचा तडा मानक ग्राह्य धरते. ओलाव्याच्या संपर्कातील भागांत ही मर्यादा ०.२ मिलिमीटर आहे. तडा आकुंचनामुळे पडला, सळई गंजल्यामुळे की पाया खचल्यामुळे, याचा निर्णय अनुभवी अभियंत्यालाच करावा लागतो. त्या निर्णयाची स्वाक्षरी व जबाबदारी त्याचीच राहते.

कौशल्याचे स्तर

सर्वांना एकच अभ्यासक्रम देणे उपयुक्त ठरणार नाही. गवंडी, फिटर व मुकादम यांना नोंद कशासाठी घेतली जाते व ती कोठे वापरली जाते, हे त्यांच्या भाषेत सांगावे लागेल. काँक्रीटमध्ये ऐनवेळी पाणी वाढवले गेले, ही बातमी प्रथम त्यांनाच असते. ती निर्भयपणे नोंदवण्याची सोय नसेल तर पुढील सर्व गणित व्यर्थ होय. साइट अभियंत्यास नोंदींची छाननी, आलेखन व प्रतिमानाच्या मर्यादा कळावयास हव्यात. नियोजक व प्रकल्पप्रमुखांना यंत्राचा सल्ला केव्हा नाकारावा, हे ठरवता आले पाहिजे. हेल्मेट वा सुरक्षापट्टा तपासणारे कॅमेरे बसवताना कामगाराच्या खाजगीपणाचा विचारही आवश्यक आहे. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदा त्या दृष्टीने अभ्यासावा लागेल.

महाविद्यालयांची भूमिका

हे कार्य केवळ स्थापत्य अभियांत्रिकी विभागाचे नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये अपेक्षित असलेल्या बहुविद्याशाखीय अध्ययनाला येथे प्रत्यक्ष वाव आहे. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी विचलन व प्रतिगमन शिकवावे, विधी विभागाने उत्तरदायित्वाची चर्चा करावी आणि भाषा विभागांनी कामगारांसाठी मराठी, हिंदी वा तेलुगूत सुबोध सूचना तयार कराव्यात.

आरंभासाठी महागडी सामग्री लागत नाही. एका सत्रात विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत क्यूब भरावेत, ७ व २८ दिवसांच्या ताकदीबरोबरच तापमान, क्युअरिंग व सिमेंटचा प्रकार नोंदवावा. साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये ७ दिवसांची ताकद २८ दिवसांच्या सुमारे दोन-तृतीयांश असते, हा प्रचलित आडाखा आपल्या आकड्यांवर पडताळावा. पोझोलाना सिमेंटमध्ये तो का बदलतो, हे शोधावे. त्यानंतरच संगणकीय प्रतिमानाकडे वळावे. नापास झालेल्या क्यूबची नोंद करणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण कमी होता कामा नयेत, हा या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाचा नियम असावा.

निष्कर्ष

बांधकाम क्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेचे कौशल्य तीन गोष्टींवर अवलंबून आहे : सत्य नोंद, आकड्यांविषयी साक्षेपी शंका आणि निर्णयाची जबाबदारी. यांतील एकही गोष्ट यंत्र आपणहून शिकवत नाही. त्या शिकवण्याचे काम शिक्षकांचे आहे. रजिस्टर खरे असेल तर साधे प्रतिमानही उपयोगी पडेल; ते खोटे असेल तर प्रगत प्रतिमानही स्लॅबखाली उभ्या असलेल्या माणसाला वाचवू शकणार नाही.